बापाच्या सुट्टीचा वार

परळ, १८९०चा पावसाळा. अजून पुरतं उजाडलेलं नाही. कुणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून तुम्ही एका चाळीच्या पडवीत भिंतीला चिकटून उभे आहात. खाली ओळीने माणसं झोपली आहेत, गोधड्या डोक्यावरून ओढून. पागोळ्या गळताहेत. एरवी या वेळी ही पडवी रिकामी असते. काळोखातच उठून, भाकरी फडक्यात बांधून सगळे गिरणीच्या फाटकाशी गेलेले असतात. बहुतेक गिरण्यांत अजून विजेचे दिवे आलेले नाहीत, त्यामुळे दिवसाचा उजेड हीच मालकाची मिळकत, आणि तो त्यातला थेंबही सांडू देत नाही. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम जरा कमी, उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून तेरा-चौदा तास.

आज मात्र सगळे घोरताहेत, कारण आज रविवार आहे.

कोपऱ्यात एक सात-आठ वर्षांचा पोरगा तेवढा जागा आहे. गुडघे पोटाशी घेऊन बसलाय आणि झोपलेल्या बापाच्या तोंडाकडे बघतोय. तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याला आठवडाभर बाप दिसत नसेल. तसं नाही. बाप त्याला रोज दिसतो, गिरणीत. हा पोरगाही कामाला जातो: भरलेल्या बाबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. दचकू नका. १८८१च्या कारखाना कायद्याला सात वर्षांचं मूल कामावर चालतं, नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नका एवढंच तो म्हणतो. पुढच्या वर्षी नवा कायदा येईल, वय सातावरून नवावर जाईल, तास नवावरून सातावर येतील. तेव्हा या पोराला घरी बसवतील की वय वाढवून सांगतील, ते तुम्हीच ओळखा. तर ही सुट्टी जशी बापाची तशी त्याचीही. दोघांच्या अंगाला एकाच कापसाचा वास आहे.

हा रविवार इथपर्यंत कसा आला, ते पडवीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, कारण त्यांनी अंगठे उठवलेत. नारायण मेघाजी लोखंडे नावाचा ठाण्याचा माणूस, मांडवीच्या एका गिरणीत काही काळ कोठाराचा हिशेब ठेवणारा, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला, 'दीनबंधू'चा संपादक. त्याने सप्टेंबर १८८४मध्ये याच भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या आज वाचल्या तर हसू येईल इतक्या साध्या: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर हात तुटला तर काहीतरी भरपाई. त्यानंतर सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९०च्या सभेला दहा हजार लोक जमले आणि दोन बायका उठून बोलल्या. त्यांची नावं कुणी नीट लिहून ठेवली असती तर बरं झालं असतं. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, त्यामुळे घाटावरून आलेल्यांना तो आधीपासूनच सोयीचा होता.

बाप उठतो. ऊन असतं तर वर आलेलं दिसलं असतं. उठतो आणि बसून राहतो. गंमत बघा, अख्खा दिवस हातात आहे आणि त्याचं काय करायचं ते त्याला ठाऊक नाही. गावी असता तर पावसाळ्यात शेत होतं, ढोरं होती. इथे नुसता दिवस. शेवटी तो पोराला खांद्यावर घेतो आणि पावसाची उघडीप बघून भायखळ्याच्या रस्त्याला लागतो, घोड्यांची ट्राम बघायला. बसायला नव्हे, बघायला. ट्राम सोळा वर्षांपूर्वी सुरू झालेली, पण दिवसाउजेडी ती या दोघांनी पाहिलीय कधी? पोरगा घोडे मोजतो. बाप त्याला मोजायला शिकवतो, म्हणजे स्वतःला येतं तिथपर्यंत. पुढे राणीच्या बागेला लागून जनावरं ठेवण्यासाठी आणखी जमीन घेतलीय, तिथे काय चाललंय ते कुंपणातून दोघे बघतात. मग पाऊस येतो आणि दोघे धावत सुटतात.

तुम्हाला यांच्याबरोबर जायचंय, पण तुमची जागा पुढच्या रविवारात आहे. ८६ वर्षं पुढे, याच रस्त्यावर थोडं वर.

आता तुम्हाला 'तुम्ही' म्हणायची पंचाईत आहे, कारण तू सात वर्षांचा झालायस. तुझी चड्डी नाडीची आहे, पुढचे दोन दात पडलेत, आणि नोव्हेंबर १९७६च्या एका रविवारी लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तू सतरंजीच्या कडेला जागा झालायस. सात वर्षांच्या पोराला कोण अहो-जाहो करणार?

खोली दहा बाय बाराची. आई, बाबा, तू, तुझी चार वर्षांची बहीण बेबी, आणि गावाहून आलेला काका, जो गिरणीत बदली आहे, म्हणजे रोज सकाळी फाटकावर जाऊन उभा राहतो आणि कुणी गैरहजर असला तर आत जातो. चिवडा गल्लीतल्या तळणीचा वास अजून आलेला नाही, पण खाली कुठेतरी मिरची कुटताहेत, त्यामुळे पहिली शिंक तुझी, दुसरी बेबीची. नळाला पाणी आलंय, म्हणजे भांडणही आलंय.

बाबा दारात बसलेत, पुढ्यात स्टोव्ह. त्याची ज्योत काल रात्री भुरभुरत होती. एरवी आई पिन मारून वेळ मारून नेते. रविवारी बाबा तो पूर्ण उघडतात: बर्नर काढतात, काजळी खरवडतात, पंपाचं चामडं तेलात बुडवून बोटांनी फुगवतात. प्रत्येक भाग ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडलेला. तू हात लावायला जातोस. ते रागवत नाहीत. तुझ्या हातात वायसर देतात आणि कागदावर त्याची जागा दाखवतात. ठेव. बस्स, एवढंच. पुढे कधीतरी तुझ्या घरचा मिक्सर बिघडेल, आणि तू स्क्रू काढून ओळीने मांडायला लागशील, तेव्हा तुझ्या मुलीला प्रश्न पडेल की हा माणूस असा काय बसलाय.

बाबा साचेखात्यात आहेत. चार साचे सांभाळतात. तिथे आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे खुणांनी आणि ओठांवरून बोलतात: जॉबर आला, चहा आला, युनियनवाला आला, सगळ्यांच्या वेगळ्या खुणा. वीस वर्षांत बाबांचे कान गेलेत, म्हणजे निम्मे. घरी ते मोठ्याने बोलतात आणि शेजारच्यांना वाटतं भांडण चाललंय. पण तू बोलायला लागलास की ते हातातलं काम थांबवतात आणि तुझ्या तोंडाकडे बघतात. थेट, डोळे न हलवता. त्याशिवाय त्यांना कळतच नाही. शाळेत गुरुजींनी पाढे विचारले, मधल्या सुट्टीत कुणी गोटी चोरली, गोष्ट कितीही फुटकळ असो, हा माणूस सगळं सोडून तुझे ओठ वाचतो. सात वर्षांच्या पोराकडे इतकं लक्ष देऊन बघणारं अख्ख्या लालबागेत दुसरं कुणी नाही. हे तुला आत्ता कळत नाहीये. तुला वाटतं सगळे बाप असेच ऐकतात.

स्टोव्ह जुळला. पंप मारला, निळी ज्योत आली. आता गाठ.

गाठ तू मागच्या रविवारपासून शिकतोयस. बाबांच्या खिशात सुताची कांडी असते, चुकून घरी आलेली असं ते म्हणतात. दोन दोरे घ्यायचे. डाव्या हाताच्या चिमटीत दोन्ही टोकं फुलीसारखी धरायची, उजवीकडचं खाली. आता त्या खालच्या दोऱ्याचा लांब भाग अंगठ्याच्या नखावरून वळवून आणायचा, त्याच्याच टोकामागून, दुसऱ्या टोकाच्या पुढून. फास तयार झाला. उरलेलं टोक वाकवून त्या फासात घालायचं, अंगठ्याने दाबायचं आणि लांब दोरा हलकेच ओढायचा. बाबा हे करतात तेव्हा तुला फक्त अंगठा एकदा हललेला दिसतो. चालू साच्यावर ताणाचा धागा तुटला की साचा थांबतो, आणि साचा थांबला की पगार थांबतो, म्हणून ही घाई त्यांच्या बोटांत मुरलेली. तू साधी गाठ मारून दाखवतोस, तीही घट्ट बसते. ते मान हलवतात. तुझी गाठ जाडी. फणीच्या दातांतून जायला लागली की अडकेल आणि धागा परत तुटेल. साच्याची गाठ चपटी असते, कापडात दिसत नाही.

"वढू नको रे झिला," ते म्हणतात. "बसव."

तू ओढतोस. सुटते. परत. सुटते. बेबीला कंटाळा येतो आणि ती कांडी घेऊन गॅलरीत पळते, सूत तिच्यामागे चार खोल्यांच्या दारांतून जातं, आणि शेजारचे आजोबा त्यात पाय अडकून शिव्या देतात. शिकवणी संपली.

दुपारी सागोती. आईने सकाळपासून पाट्यावर खोबऱ्याचं वाटण वाटलंय, वडे थापलेत, तळलेत, सगळ्यांना वाढून शेवटी ती जेवायला बसलीय आणि तिच्या वाटीत रस्साच जास्त आहे. लोखंड्यांचा रविवार पाट्या-वरवंट्यापर्यंत पोचलेला नाही. उलट आज माणसं घरात, म्हणून काम जास्त. १८९०च्या सभेत बोललेल्या त्या दोघीही सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन हेच करत असणार. बाबा चांगले आहेत, पिऊन येत नाहीत, पगार पाकिटासकट आईच्या हातात देतात. चाळीत रविवारी संध्याकाळी किती घरांत वेगळाच खेळ चालतो ते तुलाही माहीत आहे. पण जेवल्यावर ताट उचलायचं असतं हे त्यांच्याही मनात येत नाही. ते नंतर येईल, आणि ज्या रस्त्याने येईल तो रस्ता चांगला नाही.

चारच्या सुमाराला तिघे निघता. बेबी खांद्यावर, तू बोट धरून. आंबेडकर रस्त्याने चिंचपोकळी, पुढे भायखळा. डबलडेकर जवळून जाते, पण बस परतीच्या वेळी, वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर, असा करार आहे. जाताना चालायचं. बाबा गिरण्यांची नावं सांगत जातात, चिमण्या दाखवून. तुला चिमण्यांवरून गिरण्या ओळखता येतात, जशी इतर गावच्या पोरांना झाडं ओळखता येतात.

राणीची बाग. म्हणजे आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण बसचा कंडक्टरसुद्धा राणीची बागच ओरडतो. आत शिरल्यावर तुला वाघ बघायचाय, बेबीला माकडं, आणि बाबांना दगडी हत्ती.

हा हत्ती संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४मध्ये साहेबांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलायला गेले आणि तो पडून फुटला. तुकडे इथे आणून टाकले, आणि पन्नास वर्षांनी, १९१४मध्ये, जोडून परत उभा केला. बाबांना ही सगळी हकिगत कुणाकडून कळली देव जाणे. त्यांचा खेळ एवढाच असतो: जोड शोधायचे.

"जोड खंय दिसता?"

तू हत्तीभोवती फिरतोस. पायाशी एक सापडतो. पोटाखाली दुसरा. बेबीला खांद्यावरून पाठीचा एक दिसतो आणि ती किंचाळते. बाबा दगडावरून बोट फिरवतात, कापडाचा ताका तपासावा तसं, आणि जोडणाऱ्याने कुठे आळस केलाय ते दाखवतात. जवळच काळा घोडाही आहे, म्हणजे एडवर्ड राजा घोड्यावर बसलेला. १९६५मध्ये फोर्टातून उचलून इथे आणला, आणि तिकडे जागेला घोड्याचं नाव तसंच राहिलं. त्याला बघून बाबा फक्त म्हणतात, "ह्येका कोणी नोकरीवरसून काढलो." खूप हसतात. तुला विनोद कळत नाही, तरी तूही हसतोस.

मग संग्रहालय, ज्याला गेल्या वर्षीच डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलंय. गोव्यातल्या मांद्र्याचा डॉक्टर, असं बाबा अभिमानाने सांगतात, कारण मांद्रं आणि आपलं गाव यांच्यात त्यांच्या मते फार अंतर नाही. आत काचेच्या कपाटांत मातीची बोटभर माणसं: धंदे करणारी, पगड्या घातलेली. बेबीला ती खेळायला हवी आहेत. ती जमिनीवर बसकण मारते आणि अख्खा हॉल दणाणून सोडते. बाबांना ते अर्धंच ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा चेहरा शांत. पहारेकऱ्याचा नाही. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसतात आणि तोंडाने आवाज न करता, नुसते ओठ हलवून, काहीतरी सांगायला लागतात. ती रडायची थांबते, कारण काय म्हणताहेत ते तिला कळायला हवं. दोघांचं असं मिनिटभर चालतं. तुला अर्थ लागतो तो एवढाच: भेळ.

तू स्वतः बाप झाल्यावर पुष्कळ पुस्तकं चाळशील, मुलांचा हट्ट कसा हाताळावा याची. ही युक्ती त्यातल्या एकातही नाही.

भेळ, डबलडेकरची पुढची सीट, आणि घरी येईपर्यंत तळमजल्यावरच्या एकुलत्या एक टीव्हीसमोर चाळीतली सगळी पोरं जमलेली. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा. तू दारात उभं राहून, दोन डोक्यांच्या मधून बघतोस. बाबा वर जाऊन झोपतात. उद्या सातची पाळी.

आता सहा-सात वर्षं भरकन जाऊ देत. त्यात गणपती आहेत, गावच्या शिमग्याच्या फेऱ्या आहेत, भारतमातामध्ये पाहिलेले सिनेमे आहेत. गाठ तुला केव्हाच यायला लागली. थांबायचं आहे मे १९८३मध्ये, एका रविवारी, सकाळी.

तू चौदाचा आहेस. चाळ शांत आहे आणि ही शांतता वाईट आहे, कारण गिरण्यांचे भोंगेच बंद आहेत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. साठावर गिरण्या, अडीच लाख कामगार, पुढारी डॉक्टर दत्ता सामंत. बोनस, पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करा, आणि कुठली युनियन आमची ते आम्हाला ठरवू द्या. सुरुवातीला वाटलं, महिना-दोन महिने. मग दिवाळी गेली. काका गावी गेला, तो गेलाच. समोरच्या खोलीतलं कपाट गेलं, मग घड्याळ. घरात आईचं मंगळसूत्र आता काळ्या पोतीवर आहे. संप अमुक दिवशी मिटला असं कुणीही कधी जाहीर करणार नाही, हे अजून कुणाला माहीत नाही. तुला माहीत आहे, पण तू बोलू शकत नाहीस.

बाप चोवीस तास घरात असणं म्हणजे काय, ते चाळीतल्या पोरांना या दीड वर्षात कळलं. सुट्टीच सुट्टी, आणि कुणाला नको झालेली. कुणाचे बाप गॅलरीत बसून दिवसभर रस्ता बघतात. कुणाचे सकाळीच गुत्त्यावर. कुणी हातगाडी लावलीय आणि ओळखीचं कुणी आलं की तोंड फिरवतात. बाबा भायखळ्याहून भाजी आणून काळाचौकीच्या नाक्यावर विकतात, सोमवार ते शनिवार. रविवारी नाही. रविवारी गिऱ्हाईक दुप्पट असतं हे आईने त्यांना दहादा सांगितलंय. ऐकू आलं नसल्यासारखं करतात, आणि त्यांच्या बाबतीत ते खरंही असू शकतं. एवढ्या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. मालकाने सहा दिवस काढून घेतले म्हणून सातवाही आपण होऊन द्यायचा?

आई कामाला लागलीय, दादरला एका घरी स्वयंपाकाचं. त्या घरी रविवारी पाहुणे असतात, म्हणून ती सातलाच गेली. बाबांनी तिच्यासाठी चहा केला. असा चहा ते मागच्या वर्षीपासून करतात, त्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही.

"चला," ते म्हणतात, "कुर्ल्यो." म्हणजे खेकडे.

राणीच्या बागेचं तिकीट, भेळ, बस हे सगळं आता हिशेबात बसत नाही. शिवडीची खाडी फुकट आहे. परवा अवस होती, म्हणजे कुर्ल्या भरलेल्या असणार, पुनवेच्या पोकळ. बेबी अकरा वर्षांची आहे आणि चिखलात येणार नाही असं म्हणत सगळ्यांच्या पुढे चालतेय. कॉटन ग्रीनच्या कापसाच्या गोदामांवरून जाताना बाबा थांबत नाहीत, तिकडे बघतही नाहीत. पुढे शिवडीचा किल्ला, मग बंदर, मग ओहोटीने उघडा पडलेला काळा चिखल आणि त्यात तिवरांची मुळं.

दोरीला बांगड्याचं डोकं बांधून पाण्यात सोडायचं आणि बसायचं. दोरी जराशी जड झाली की कुर्ली लागली. आता ती हळूहळू, तिला कळणार नाही अशी वर घ्यायची, आणि पाण्याच्या वर यायच्या आत खालून टोपली घालायची. तू घाईघाईने हिसका देतोस. डोकं येतं, कुर्ली जाते. बाबा तुझ्याकडे बघतात आणि तू ओळखतोस ते काय म्हणणार आहेत, म्हणून ते म्हणतच नाहीत. पहिली बेबीला मिळते. ती आनंदाने इतकी नाचते की खरोखरच गुडघाभर चिखलात जाते, आणि तिला ओढून काढताना एक चप्पल खाडीतच राहते. चपलेचं आईला कोण सांगणार यावर तुमच्या दोघांचं लगेच भांडण.

"मागसून धर. भियाव नको." बाबा बोटाने कुर्लीची पाठ दाबून तिला जागच्या जागी थोपवतात, मागच्या पायांजवळ चिमटीत धरून उचलतात, आणि सुतळीने नांग्या आवळतात. तू म्हणतोस मी बांधतो. दिमाखात सुतळीची दोन टोकं घेतोस, अंगठा हलतो, गाठ बसते. एका झटक्यात. इतकी सुंदर गाठ तू आजवर मारलेली नाहीस.

बाबा बघतात. "ती साच्याची गाठ रे. ही कुर्ली."

"घट्ट आहे, बघा ना."

त्यांनी पाहिलं की नाही कुणास ठाऊक. तेवढ्यात दुसरी दोरी जड झाली.

घरी पोचेपर्यंत उन्हं चढली. पिशवीत आठ-नऊ कुर्ल्या, सगळ्या चाळीने वाकून पाहिलेल्या. आई यायच्या आत जेवण तयार ठेवायचं म्हणून बाबा पाट्यावर बसलेत, खोबरं वाटताहेत. पहिल्यांदा बसले तेव्हा गॅलरीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आता त्याच बायका येऊन सांगतात, धणे आधी घ्या. वरवंट्याचा आवाज, त्यात बाबांचे कान. त्यामुळे गॅलरीतून आलेली पहिली किंकाळी त्यांना ऐकू आलेली नाही, दुसरीही नाही. भांडी पडल्याचा आवाज येतो. तीन खोल्या सोडून राहणाऱ्या काकू खाटेवर चढून ओरडताहेत, "शिरा पडली ती, माझ्या पिठाच्या डब्याकडे गेली!"

तू पिशवीत बघतोस. सुतळी आहे, तुझी गाठ आहे, कुर्ली नाही.

दारात उभं राहून हाक मारून उपयोग नाही. तू बाबांच्या पुढ्यात जाऊन बसतोस, त्यांना तोंड दिसेल असा. वरवंटा थांबतो. ते तुझ्या ओठांकडे बघतात.

"एक सुटली."

"मोठी?"

"मोठीच."

"मगे बघतंस काय? जा, धर तिका."